कैसराचा मुकुट आणि माझे डोके

मित्रांनो, मी एक जुना पितळी गरुड आहे. मला उडता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणाचा हिरमोड नको. मँचेस्टरच्या एका उपनगरात विटांचे एक चर्च आहे. तिथे मी पंख पसरून उभा असतो आणि माझ्या पाठीवर पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, जाडजूड ग्रंथ उघडून ठेवलेला असतो. वाचणारा माझ्या मागे उभा राहतो, ऐकणारे माझ्या चोचीसमोर बसतात. मला कोणी वाचनाचे मेज म्हणतात. म्हणोत बापडे. मेजाला चोच नसते.

विलायती पितळेला मराठी कशी येते, असे तुम्हाला वाटले असेल. ते पुढे येईलच. तूर्त एवढेच सांगतो की मला जोडाक्षरे येतात आणि ऱ्हस्व-दीर्घ येत नाही, म्हणजे मी आता बऱ्यापैकी मराठी झालो आहे.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका ओतकाम कारखान्यात झाला. साल १८९७. आधी मातीचा साचा, मग उकळते पितळ, मग कानस आणि छिन्नी. कारागिरांनी माझे एकेक पीस बसून कोरले. पायाखाली त्यांनी मला पृथ्वीचा गोल दिला. तो इतका गुळगुळीत आहे की पृथ्वीवर निरनिराळे देश असतात हे मला बरीच वर्षे ठाऊकच नव्हते.

त्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षे झाली. ती नुसती राणी नव्हती, हिंदुस्थानची सम्राज्ञीही होती, आणि इथल्या एका कापडगिरणीच्या मालकाला त्याचा फार आनंद झाला होता. त्या आनंदात त्याने मला ह्या चर्चला भेट दिले. देताना त्याच्या मनात आले, नुसता पक्षी काय द्यायचा? म्हणून त्याने माझ्या डोक्यावर एक पितळी मुकुट चढवला. चांगला वीतभर उंच, वर टपोरे मणी. मान अवघडायची, पण खोटे कशाला बोलू, मला तो फार आवडला. मुकुट घातलेला पक्षी तुम्ही दुसरा पाहिला आहे का?

शिवाय आमचे घराणेही तसे मोठे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन पलटणी निघाल्या की सर्वांत पुढे, काठीच्या टोकावर, आमचे पूर्वज असत. मँचेस्टरमध्येच कॅसलफील्डला, जिथे हल्ली ट्रॅम जाते आणि लोक निवांत कॉफी पितात, रोमनांची गढी होती. तिथे माझे कोणी खापरपणजोबा असावेत, असे मी धरून चालतो. पुरावा मागू नये. घराण्याच्या अभिमानाला पुरावा मानवत नाही.

मात्र ह्या घराण्याची दुसरी बाजू मला पाठीवर ग्रंथ आल्यावर कळली. रविवारमागून रविवार ऐकत गेलो आणि हळूहळू उलगडा झाला. त्या काळी रोमचा बादशहा नुसता बादशहा नसून देवही आहे, असे मानायची पद्धत होती. त्याच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचे. सगळे टाकत. फक्त येशूच्या शिकवणीतली काही माणसे अडून बसली. कोण होती? कोळी, तंबू शिवणारे, गुलाम, दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बायका. ती म्हणत, आम्ही कर भरू, कायदा पाळू, बादशहासाठी प्रार्थनासुद्धा करू. पण बादशहाची प्रार्थना करणार नाही. 'साठी' आणि 'ची', एवढाच काय तो फरक. मराठीच्या पेपरात ह्या चुकीला अर्धा गुण जातो. रोममध्ये डोके जायचे.

पुढे तीनएकशे वर्षांनी मोठीच गंमत झाली. इथून जवळच, यॉर्कला, सैनिकांनी एका सेनापतीला बादशहा म्हणून पुकारले आणि पुढे ह्याच बादशहाने त्या मंडळींना जवळ केले. जे काल सिंहापुढे उभे होते ते आज सिंहासनापुढे उभे राहिले. लपूनछपून भेटणाऱ्या धर्मगुरूंना दरबारी जेवणाची आमंत्रणे येऊ लागली. बादशहाने शिकवण उचलली की शिकवणीने बादशाही उचलली, ह्यावर विद्वान अजून भांडतात. मी त्या वादात पडत नाही. माझ्या डोक्यावर मुकुट होता आणि पाठीवर ग्रंथ. पडायचे कुठे, मीच तो वाद होतो.

असो. कामाची वर्षे मोठी रुबाबाची गेली. गिरणी कामगार वाचून गेले, शाळामास्तर वाचून गेले, दोन्ही महायुद्धांत ज्यांची मुले परतली नाहीत असे बाप माझे पंख घट्ट धरून वाचून गेले. दर शनिवारी एक बाई येऊन मला पॉलिश करीत. रविवारी सगळ्या नजरा माझ्याकडे लागत. निदान मला तसे वाटे.

नव्वदच्या सुमारास आशा साळवे आल्या. अहमदनगरच्या ख्रिस्ती घरातल्या, इथल्या सरकारी इस्पितळात वॉर्ड सिस्टर. त्यांनी नुसते "हं?" केले तरी भलेभले सर्जन पुन्हा हात धुवायला जातात, अशी त्यांची ख्याती. देवाने त्यांना आवाज सढळ हाताने दिला होता. उंची देताना मात्र हात आखडता घेतला होता.

पहिल्याच रविवारी त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि नाहीशा झाल्या. चर्चभर आवाज घुमत होता, बाई कुठेच नव्हती. समोरून पाहणाऱ्याला फक्त माझा मुकुट दिसे. पहिल्या बाकावरच्या मिसेस ॲशवर्थ बाहेर पडताना म्हणाल्या, "आज मुकुटाने काय सुरेख वाचलं!"

मिस्टर एंटविसल हे चर्चचे वॉर्डन, म्हणजे किल्ल्यांपासून कौलांपर्यंत सगळे पाहणारे. माझ्यावर त्यांचा फार जीव. त्यांनी आशाबाईंना एक स्टूल देऊ केले.

"स्टुलावर उभी राहू?" आशाबाई म्हणाल्या. "मी काय वर्गात शिक्षा झालेली पोर आहे?"

स्टूल परत गेले. आशाबाई वर्षानुवर्षे मुकुटामागूनच वाचत राहिल्या. मला त्यात काही गैर वाटले नाही. उलट बरेच वाटले. नजरा सगळ्या माझ्यावर, मधे कोणी नाही.

मग पॉलिशवाल्या बाई वारल्या आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही. मी काळवंडलो, पंखांच्या खोबणींत हिरवे धरले. जुन्या किटलीसारखा दिसू लागलो. अशात २००५ साली रेव्हरंड जूडिथ आल्या. तरुण, तळमळीच्या, सायकलवरून फिरणाऱ्या. चर्चमध्ये ऊब राहावी म्हणून जमिनीखाली गरम पाण्याचे नळ घालायचे ठरले, त्यासाठी फरशी उखडली गेली आणि मला शेजारच्या हॉलमध्ये हलवण्यात आले. एका बाजूला घडीच्या खुर्च्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला टेबल टेनिसचे टेबल. मधे मी, रोमन पलटणीचा वंशज.

रेव्हरंड जूडिथ एकदा माझ्यासमोर हाताची घडी घालून बराच वेळ उभ्या राहिल्या. "हा पक्षी बघितला की मला सैनिकांच्या बुटांचे आवाज ऐकू येतात," त्या म्हणाल्या.

त्याच सुमारास रस्त्यापलीकडच्या पबच्या मालकाने विचारले, गरुड नको असेल तर आम्हाला द्याल का? दारात उभा करू, पंखांवर मेन्यू ठेवू. पबचे नाव 'क्राऊन'. मुकुटवाला पक्षी त्याला शोभला असता, हे मी नाकारत नाही. पण ज्या पाठीवर शास्त्र वाहिले तिच्यावर रविवारचा लॅम्ब रोस्ट आणि पुदिन्याची चटणी? महिनाअखेरच्या बैठकीत ठरायचे होते, मला ठेवायचे की द्यायचे. मित्रांनो, माझे आतून पाणी झाले. पितळेचे पाणी व्हायला किती ताप लागतो ते बर्मिंगहॅमला विचारा.

आता मराठीचे. दर शनिवारी त्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग भरे. पुण्या-मुंबईहून आलेल्या संगणकवाल्यांची आणि डॉक्टरांची मुले तिथे बाराखडी घोकत आणि मी कोपऱ्यातून ऐके. हॉलची किल्ली आशाबाईंकडे असे. त्या वर्गात वरदा नावाची एक मुलगी होती आणि तिला सोडायला तिची आजी येई. ह्या मधुमतीकाकू, दरवर्षी सहा महिने पुण्याहून लेकाकडे येणाऱ्या.

"आजी, बघ ना, हा बर्ड किती घाण झाली!" वरदा एकदा म्हणाली. मला 'झाली' म्हटलेले मी मनावर घेतले नाही. तिला टेबलही 'ती' होती.

काकूंनी चष्मा वर केला. "अगंबाई, गरुड! हा इथे खुर्च्यांच्या ढिगात? आणि ह्याचा विष्णू कुठाय?"

"काकू, हे चर्च आहे," आशाबाई म्हणाल्या. "विष्णू कुठून येणार?"

"विष्णू नसेल आला, पण गरुड आलाय ना? आल्यागेल्याला असं काळ्या तोंडाने उभं करतात का?"

पुढच्या शनिवारी काकू चिंचेचा कोळ भरलेला स्टीलचा डबा घेऊन आल्या, वर मिठाची पुडी.

"अहो काकू, ॲन्टिक आहे तो! मिस्टर एंटविसल ओरडतील."

"ओरडू देत. त्यांचं बोलणं मला कळतच नाही. मी तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, पण हे इथले लोक काहीतरी वेगळंच बोलतात."

आणि काकूंनी मला घासले. चोच, मान, पंख, खालचा गोलसुद्धा. सुरुवातीला झोंबले, मग बरे वाटू लागले. वर्षानुवर्षांची मेणचट काजळी ओघळून गेली आणि आतून माझा खरा रंग वर आला. वरदा ओरडली, "आजी, ती चमकला!" मी तेही मनावर घेतले नाही.

डोक्याशी आल्यावर मात्र काकूंचा हात थांबला. "अगं आशा, इकडे ये. हा मुकुट ह्याचा नाहीच. वरून बसवलाय. हा बघ, स्क्रू."

शंभर वर्षांच्या पॉलिशने ती फट बुजून गेली होती. ती फट आहे हे मीसुद्धा विसरलो होतो. आशाबाई वाकून पाहत राहिल्या.

"तू ह्याच्याच मागे उभी राहून वाचतेस ना गं?" काकूंनी विचारले.

"हो."

"मग लोकांना दिसतेस?"

आशाबाईंनी मुकुटाच्या टोकापर्यंत हात नेऊन पाहिला. "नाही दिसत, काकू."

"कमालच आहे. आमच्याकडे वाहन देवासमोरच बसवतात, पण बेताने, खाली बसवतात. नाहीतर दर्शनाला आडवं येतं. एवढी साधी गोष्ट ह्याला कुणी सांगितली नाही?"

मला कोणी सांगितली नव्हती, हे खरे.

तेवढ्यात मिस्टर एंटविसल आत आले. "हा लोणच्यासारखा वास कसला?" म्हणत पुढे झाले आणि मला पाहून जागीच थबकले. त्यांनी टोपी काढली. "इतका चमकताना ह्याला मी फक्त लहानपणी पाहिला होता," ते म्हणाले. काकूंना त्यातले अक्षर कळले नाही, पण डोळे पुसायला त्यांनी आपला रुमाल पुढे केला. त्यालाही चिंच लागलेली होती. मिस्टर एंटविसल आणखी थोडे रडले.

बैठक हॉलमध्येच झाली, त्यामुळे मी स्वतःच्या खटल्याला जातीने हजर होतो. मंडळी इंग्रजीत बोलली. मी तुम्हाला मराठीत सांगतो.

रेव्हरंड जूडिथ उभ्या राहिल्या. "चिमूटभर धूप टाकायला नकार दिला म्हणून माणसं मेली," त्या म्हणाल्या. "का, तर बादशहा देव नाही. आणि आपण त्यांचे शब्द वाचतो ते कशावरून? बादशहाच्या पक्ष्यावरून. मला हे रोज टोचतं. पबला देऊन टाकू या."

"बादशहाचा कसला?" मिस्टर एंटविसल लाल झाले. "गरुड ही योहानाची खूण आहे. शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाची! कुठल्याही चर्चमध्ये जाऊन बघा."

"योहानाला बादशहाने बेटावर हद्दपार केलं होतं, असं परंपरा सांगते. मग त्याच्या पक्ष्याने मुकुट कुठून आणला, मिस्टर एंटविसल?"

मिस्टर एंटविसल हातातल्या बिस्किटाकडे पाहू लागले. बिस्किटाने मदत केली नाही. हात वर झाले तेव्हा निम्मे इकडे, निम्मे तिकडे. फक्त आशाबाईंचा हात खाली होता. त्या बैठकांना नेमाने येत आणि कधीच बोलत नसत.

"आशा, तुमचं मत?" रेव्हरंडनी विचारले. म्हणजे आता माझे काय व्हायचे ते त्यांच्यावर होते. त्यांच्यावर, ज्यांना मी इतकी वर्षे झाकून टाकले होते. मी मनातल्या मनात पुदिन्याच्या चटणीची सवय करू लागलो.

"माझे आजोबा नगरच्या मिशन शाळेत होते," आशाबाई म्हणाल्या. "आमच्या मराठी शास्त्रात सीझरला 'कैसर' म्हणतात. आणि तेव्हा लंडनच्या राणीची हिंदुस्थानातली पदवी होती 'कैसर-ए-हिंद'. येशूला लोकांनी विचारलं, कैसराला कर द्यावा का? तो म्हणाला, नाण्यावर चित्र कुणाचं ते बघा. ज्याचं असेल त्याचं त्याला द्या, आणि देवाचं ते देवाला. आजोबांनी खिशातलं नाणं काढून बघितलं. वर राणी! त्यामुळे ते बरीच वर्षं समजत होते की येशू लंडनच्या राणीबद्दलच बोलत होता."

सगळे हसले. रेव्हरंड जूडिथ हसल्या नाहीत. त्या पुढे झुकून ऐकत होत्या.

"पाद्रीसाहेबांनी समजावलं, अरे, तो कैसर वेगळा आणि हा कैसर वेगळा. आजोबा म्हणाले, 'साहेब, कैसर दोन असतील. देव तर दोन नाहीत ना? मग ते पुढचं अर्धं वाक्य दोन्ही कैसरांना लागू.'"

"मग पाद्रीसाहेब काय म्हणाले?" मिस्टर एंटविसलनी विचारले.

"काही नाही. शाळा सोडून दिली. त्या दिवसापुरती."

मग आशाबाई उठून माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझ्या डोक्यावर बोट ठेवले. "हा मुकुट कैसराचा आहे. पक्षी नाही. दोघांच्या मधे एक स्क्रू आहे, आमच्या काकूंनी तो चिंचेने शोधून काढला. पक्षी राहू दे, ओझं वाहतोय बिचारा. मुकुट काढा."

बिचारा! मी! पण रागवायला मला सवड मिळाली नाही, कारण त्या पुढे म्हणाल्या, "आणि खरं सांगू? इतकी वर्षं मी ह्याच्या मागून वाचतेय. इथे रविवारी मी कशी दिसते, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे?"

मिस्टर एंटविसलनी हळूच खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला.

"थांबा, थांबा," रेव्हरंड जूडिथ म्हणाल्या. "वरून, बिशपच्या कचेरीतून, परवानगी लागते." आणि मग हसून, "पण अर्ज मी आजच करते."

परवानगी यायला इतका वेळ लागला की तेवढ्यात एखादे छोटे साम्राज्य बुडाले असते. आली तेव्हा स्क्रू हलेना. मिस्टर एंटविसलनी जोर लावला, रेव्हरंडनी तेल घातले. शेवटी काकूंना बोलावणे गेले आणि त्या डबा घेऊन आल्या. कर्र झाले आणि मुकुट सुटला. माझी मान एकदम हलकी झाली. खोटे सांगत नाही, क्षणभर मला उडता येईल असे वाटले.

"आता ह्याचं काय करायचं?" रेव्हरंडनी मुकुट हातात धरून विचारले.

मिस्टर एंटविसलनी खिडकीतून रस्त्यापलीकडे पाहिले. "क्राऊनचं ते क्राऊनला देऊ," ते म्हणाले.

रेव्हरंड जूडिथ इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावे लागले. मुकुट आजही पबच्या दारावर आहे आणि तिथे तो शोभतो. मला त्याचा हेवा वाटत नाही. फार नाही.

फरशी बसली, नळ गरम झाले, मी चर्चमध्ये परत आलो. त्या रविवारी आशाबाई वाचायला उभ्या राहिल्या. मागच्या बाकावर काकू आणि वरदा होत्या. माझे तोंड लोकांकडे असते, त्यामुळे मला वाचणारा कधीच दिसत नाही, फक्त ऐकणारे दिसतात. आशाबाईंनी पहिला शब्द उच्चारला आणि मी पाहिले की सगळ्या नजरा वर उचलल्या गेल्या. माझ्याकडे नव्हे. माझ्या डोक्यावरून पलीकडे. शंभराहून अधिक वर्षे त्या नजरा माझ्यासाठी आहेत असे मी समजत होतो. त्या तर कुणाला तरी शोधत होत्या.

पहिल्या बाकावर मिसेस ॲशवर्थ होत्या. आता त्यांना मुळीच ऐकू येत नव्हते. तरी त्या वाचन संपेपर्यंत हसत होत्या, कारण आता दिसत होते.

मित्रांनो, त्या दिवसाइतका ताठ मी मुकुट असतानाही उभा राहिलो नव्हतो. पलटणीपुढे मिरवणारे माझे पूर्वज मोठे खरे, पण त्यांच्या पाठीवर काही नव्हते.

तेव्हा माझे एवढे ऐका. तुमच्या ओळखीत एखादे जुने पितळ काळवंडून कोपऱ्यात पडले असेल तर त्याला घासा. चिंच उत्तम, मात्र नंतर पाण्याने नीट धुवा, माझ्या डोक्यातल्या भोकाला अजून आंबट वास येतो. आणि घासताना कुणाच्या डोक्यावर काही भारी चढवलेले दिसले, तर ते जन्मापासूनच तिथे असेल असे समजून हात जोडू नका.

आधी स्क्रू शोधा.